खालच्या बटनाची जागा

थांबा, थांबा, टिचकी मारू नका! आधी माझं ऐकून घ्या, मग खुशाल मारा. तुम्ही मला पुढच्या रांगेत ठेवलंय ना, अगदी मधोमध? आणि का ठेवलंय तेही मला ठाऊक आहे. मी सगळ्यांत मोठा आहे, काळाभोर आहे, उजेडात चमकतो, म्हणून! सगळे असंच करतात. पण मित्रांनो, मी एका कोटाचं जुनं बटन आहे, आणि मैदानात आपली जागा कोणती हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलंय. म्हणून म्हणतो, माझी गोष्ट ऐका आणि मग मला कुठे ठेवायचं ते ठरवा.

तर मी आधी एका म्हशीच्या डोक्यावर होतो म्हणे. शिंग होतो मी! मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. ती म्हैस कुठली, काळी होती की भुरी, पाण्यात डुंबायची का, खूप विचार करतो, पण नाहीच आठवत. आठवतं ते एकदम चाक. गरगर फिरणारं चाक, त्यावर मला घासलं, कड काढली, पोटात चार भोकं पाडली आणि माझ्यासारख्याच दोघांबरोबर एका पुठ्ठ्यावर टाचून टाकलं. ते दोघं माझे भाऊ. एकाच शिंगाचे आम्ही तिघं.

तो पुठ्ठा फिरत फिरत आला अकोल्याला, जानराव शिंप्याच्या दुकानात. आणि तिथे एक दिवस खुशालराव आले. खुशालराव कापसाच्या बाजारात अडत्याकडे कामाला होते. माणूस असा भरदार की दुकानात शिरले की दुकान लहान वाटायचं! त्यांनी काळा लोकरी कोट शिवायला टाकला. जानरावांनी आम्हा तिघांना लावलं, एक वर, एक मधे आणि मी सगळ्यांत खाली.

आता गंमत ऐका. कोट घातला, पहिलं बटन लागलं, दुसरं लागलं, आणि माझी पाळी आली तर माझं काज राहिलं हातभर लांब! मधे खुशालरावांचं पोट.

"जानराव, माप चुकलं का हो?" खुशालरावांनी विचारलं.

"माप बरोबर हाय खुशालरावजी," जानराव सुईत दोरा ओवत म्हणाले, "माप घेतलं तवा दिवाळी व्हायची होती. आता होऊन गेली."

झालं! पुढे कितीतरी दिवाळ्या आल्या, पण माझं आणि माझ्या काजाचं काही जमलं नाही. माझे भाऊ रोज सकाळी काजात जायचे, संध्याकाळी बाहेर यायचे. मी त्यांना विचारायचो, "आत कसं असतं रे?" तर थोरला म्हणायचा, "अंधार असतो, पण ऊब असते." मधला म्हणायचा, "घासतं जरा. पण कामात आहोत असं वाटतं." आणि मी? मी नुसता लोंबकळायचो. पण लोंबकळताना दिसायचं बरं का खूप! कापसाच्या गाड्यांच्या रांगा दिसायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा अगदी माझ्या उंचीवर वाजायच्या, बाजारात कापसाचा भाव ठरवताना दोन माणसं रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची ना, ती बोटं फक्त मला दिसायची! तरी मनात एकच प्रश्न यायचा. माझं काम काय?

मग त्या घरात जमुना आली.

जमुना म्हणजे खुशालरावांची भाची. तिचे वडील सूर्यभान तेल्हाऱ्याकडे शेती करायचे. गावात पुढची शाळा नव्हती, म्हणून पोरीला मामाकडे अकोल्याला पाठवलं. आली तेव्हा दोन वेण्या, खांद्यावर पिशवी, आणि तोंडात एकच शब्द, काहून? उंबऱ्यातच तिनं विचारलं, "मामा, तुमचं खालचं बटन मोकळं काहून हाय?"

खुशालराव खो खो हसले. दुर्गाबाई मामी आतून म्हणाल्या, "आली का वं काहूनबाई! आता घरात आपल्याले उत्तरं पुरनार नाहीत."

खरंच पुरेनात. चूल पेटताना धूर वरच काहून जातो, मांजर भिंतीवरून पडत काहून नाही, मामी पोळी उलटी काहून घालते! मला ती फार आवडायची. माझ्या मनातले प्रश्न ही मोठ्यानं विचारते असं वाटायचं.

पुढे कोटाची कोपरं विरली. कोट ट्रंकेत गेला. मामींनी आम्हा तिघांना कापून घेतलं आणि जमुनेच्या हातावर ठेवलं. "घे, खेळ."

आणि खेळ कोणता? मित्रांनो, तुम्ही आत्ता मांडलाय ना, हाच! शेजारी वकीलसाहेब राहायचे, त्यांचा मुलगा गोपाळकृष्ण जमुनेच्या वयाचा. त्याला सगळे गोपू म्हणत. आदल्या वर्षी मेलबर्नच्या ऑलिंपिकमधे आपली फुटबॉलची टीम चौथी आली होती, तेव्हापासून त्याच्या डोक्यात फुटबॉलच फुटबॉल! ग्राउंडवर मोठी पोरं ह्यांना घेईनात, म्हणून गोपूनं जुन्या खोक्याची फळी घासून मैदान केलं. दोन्ही टोकांना काडेपेटीची टरफलं, ते गोल. गोलकीपर म्हणजे शिशीचं बूच. बॉल म्हणजे सदऱ्याचं छोटं पांढरं बटन. आणि खेळाडू आम्ही, घराघरांतून गोळा केलेली बटनं! एकदा तू टिचकी मार, एकदा मी. आपल्या खेळाडूनं बॉलला धक्का द्यायचा. गोलवर मारायचं असेल तर आधी "गोल मारतो" म्हणून सांगायचं, म्हणजे समोरचा बूच सरकवून घेईल. आधी तीन गोल करेल तो जिंकला.

जमुना आणि गोपू एका टीमचे. आणि पहिल्याच दिवशी मला कुठे ठेवलं असेल? बरोब्बर! पुढे, मधोमध. "हा आपला सगळ्यांत तगडा," गोपू म्हणाला. माझी छाती अशी फुगली! शेवटी मला काम मिळालं होतं. जमुनेनं टिचकी मारली, मी निघालो, बॉल समोर दिसतोय, दिसतोय, आणि अर्ध्या वाटेतच मी थांबलो. पुन्हा मारली, पुन्हा थांबलो. माझे भाऊ कसे सुळकन जायचे! पार ह्या टोकाहून त्या टोकाला. आणि मी जागच्या जागी.

अशातच दिवाळीला अमरावतीहून गोपूचा आतेभाऊ आला, कमलाकांत. बडनेऱ्याहून पॅसेंजरनं यायचा, खिशात सिगारेटचा पत्र्याचा डबा, आणि त्या डब्यात त्याची टीम. मोतिया रंगाची गुळगुळीत बटनं! आणि त्यांचा कप्तान एक पितळी बटन, मिलिटरीच्या कोटाचं. त्याला तो सुभेदार म्हणायचा. कमलाकांत अमरावतीच्या ग्राउंडवर खराखुरा फुटबॉल खेळायचा, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे शब्द. दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड, अशीच टीम लावायची.

"पाच पुढं काहून?" जमुनेनं विचारलं.

"काहून म्हणजे? असंच असतं. सगळे असंच लावतात."

"सगळे काहून असंच लावतात?"

"गोपू, ह्या पोरीला आवर रे!"

त्याचा एक नियम होता. जो जिंकेल त्यानं समोरच्याच्या टीममधलं आपल्या पसंतीचं एक बटन न्यायचं. पहिल्या दिवाळीला त्यानं माझा थोरला भाऊ नेला. दुसऱ्या दिवाळीला मधला. मी पण होतो समोर, त्यानं मला उचललंसुद्धा, तळहातावर तोललं आणि परत ठेवलं. "हा धोंडा राहू दे तुमच्याकडेच," असं म्हणाला.

धोंडा!

मग जमुनेनंही मला टीममधून काढलं. राग नाही केला तिनं, नुसतं डब्यात ठेवलं. पण मित्रांनो, डबा म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. आत तुटके हूक, गंजलेली टाचणी, एक बिनभोकाचा मणी. वर खेळ चाललेला ऐकू यायचा, टक्, सर्र, टक्, आणि मी विचार करायचो, आता कोण खेळतंय माझ्या जागी? भाऊ कुठे असतील? अमरावतीला काज असेल का त्यांना?

आणि एक दिवस घरात गडबड उडाली. खुशालरावांच्या लेकीचं, ताराचं लग्न ठरलं! तुळशीचं लग्न लागलं की लगेच हिचं. अंजनगावचे सोयरे. खुशालरावांनी ट्रंकेतला तोच काळा कोट काढला आणि जानरावांना दाखवला. जानराव म्हणाले, कापड आतून नवंच आहे, उलटून शिवतो, कोपरांना ठिगळ आतून देतो, कोणाच्या बापाला कळणार नाही. तेव्हा असंच करायचे, कोट विरला की कापड उलटं करून पुन्हा शिवायचे.

"फक्त बटनं पाठवा तीच," जानराव म्हणाले. "असे शिंगाचे आता भेटून नाही राहिले. समदे प्लास्टिकचे. उन्हात वितळतीन."

खुशालराव कोट घेऊन घरी आले. "जमुने, माह्या कोटाचे बटनं कुठी हायेत वं?"

जमुना लपवाछपवी करणारी नव्हती. "एक हाय मामा. दोन कमलदादा जिंकून घेऊन गेला."

"जिंकून? म्हंजे?"

तिनं सगळं सांगितलं. खुशालराव आधी हसले, आणि मग हातातल्या कोटाकडे बघून म्हणाले, "अवं पन मी तारीच्या लग्नात उभा कसा राहू? सोयरे पाहून राहिले असतीन, आन माह्या कोटाले सुतळी बांधू का?"

दुर्गाबाई मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मीच देल्ले ना तिले, घे खेळ म्हून! मले काय मालूम हे दोघंबी अमरावतीले पोचतीन."

"वकीलसाहेबाले सांगतो मी," खुशालराव उठले. "पोराले म्हना, दे बापा वापस."

"नका सांगू मामा," जमुना दारात आडवी उभी राहिली. "खेळात गेले, खेळातूनच आनीन. दिवाळीले येऊनच राहिला तो."

"आन हरली तं?"

जमुना दारातून हलली नाही.  ताराताई आतल्या खोलीतून बघत होती. तिनं वडलांच्या कोटाकडे बघितलं, आणि ते जमुनेनं बघितलं.

त्या दुपारी डब्याचं झाकण उघडलं. उजेड आला! जमुनेनं मला बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि टिचकी मारली. मी अर्ध्या वाटेत थांबलो. मला वाटलं, गेलो परत डब्यात. पण ती वाकली, नाक ओट्याला टेकेपर्यंत वाकली, आणि म्हणाली, "हे थांबते काहून?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं! थांबतो म्हणून सगळ्यांनी टाकलं, पण का थांबतो?

तिनं मला पालथं केलं. अंगठा माझ्या कडेवरून फिरवला. मग मामांच्या सदऱ्याचं एक रोजचं बटन काढून त्याच्या कडेवरून फिरवला. पुन्हा माझ्या. आणि एकदम ओरडली, "गोपू! अरे गोपू, इकडं ये ना लवकर!"

गोपू धावत आला.

"हे हात लावून पाय. ह्याची कड कशी हाय?"

"धारदार आहे."

"आन बाकीच्यांची गुळगुळीत. काहून सांग?"

"काहून?"

"अरे ते रोज काजातून जाऊन जाऊन घासले! हे कधी काजात गेलंच नाही. मामाचं पोट आडवं आलं ना! म्हून ह्याची कड अजून नव्वी हाय. फळीले धरून बसते हे!"

मी तर थक्क झालो. म्हणजे मी इतकी वर्षं रिकामा लोंबकळलो, त्यानंच माझी कड राहिली?

"धरून बसतं ते ठीक," गोपू म्हणाला, "पण मग बॉलपर्यंत पोचणार कसं?"

"पोचायचं काहून? बॉललेच येऊ दे ना त्याच्यापाशी." तिनं पांढरं बटन माझ्या अगदी पुढ्यात ठेवलं आणि टिचकी मारली. मी बोटभर सरकलो आणि थांबलो, पण बॉल! बॉल ओटा ओलांडून, अंगण ओलांडून मामींच्या तुळशीपाशी गेला! मी जड होतो ना. माझ्या अंगातला सगळा जोर बॉलमधे गेला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मग पुढचे दिवस नुसती परीक्षा! जमुनेनं एकेका बटनाला घेतलं. हे सरळ जातं, हे डावीकडे वळतं, हे काहून वळतं, बघ, ह्याचं एक भोक मोठं आहे. ते झग्याचं फुलाचं बटन दिसायला गोड, पण आपटलं की उडी मारतं, त्याला कडेला ठेव. ती कुणालाच वाईट म्हणेना. नुसतं विचारायची, हे काय करते, आणि मग, हे कुठी कामी येईल.

आणि शेवटी ती म्हणाली, "मांगं चार ठेवू."

"चार? बॅक दोनच असतात!" गोपू घाबरला. "कमलदादा हसेल."

"हसू दे. तेल्हाऱ्याले आमच्या वावरात पाणी येते ना, तं बाबा त्याच्या समोर सरळ बांध नाही घालत. सरळ घातला तं फुटते. तिरपा घालते. पानी अडत नाही, वळते, आन आपल्याले पायजे तथी जाते." तिनं तीन बटनं तिरपी लावली, जशी शेतात बांधाची ओळ. आणि त्या ओळीच्या खालच्या टोकाला, जिथे वळलेला बॉल येऊन पोचेल तिथे, मला ठेवलं.

खाली. मी पुन्हा सगळ्यांत खाली! पण ह्या वेळी माझी वाट बघणार होतं कुणीतरी.

कमलाकांत आला. पुढच्या वर्षी तो कॉलेजात जाणार होता, म्हणाला, आता हे बटनाचे खेळ शेवटचेच. जमुना म्हणाली, "मंग शेवटचं असं खेळू. मी जिंकली तं मामाच्या कोटाचे दोन्ही बटनं वापस. तुमी जिंकले तं आमचा सगळा डबाच तुमचा."

"सगळा? धोंड्यासकट?"

"धोंड्यासकट."

"बरं, चल."

फळी ओट्यावर मांडली. हवेत कापसाची रुई उडत होती, कारण जवळचं जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, नुकतंच सुरू झालं होतं आणि जिन सुरू झालं की आमच्या गल्लीत झाडांवर, दोऱ्यांवर, मांजराच्या मिशांवर, जिकडे तिकडे पांढरं. कमलाकांतनं आपली टीम लावली, पाच पुढे. आणि त्या पाचात कोण? माझे भाऊ! सुभेदाराच्या एका बाजूला थोरला, एका बाजूला मधला. मला ओरडावंसं वाटलं, अरे, मी इथे आहे! पण बटनाला कुठे ओरडता येतं? आम्ही समोरासमोर, आणि मला त्यांना अडवायचं होतं, त्यांनाच घरी न्यायला.

आमची रांग बघून कमलाकांत हसलाच. "मागे चार? अगं जमुने, गोल करायचेत की घर राखायचंय?"

"दोन्ही," जमुना म्हणाली.

आता एक गोष्ट तिला माहीत नव्हती. सकाळीच गोपूनं मोठ्या उत्साहानं आमच्या पुढच्या बटनांना खालून सरकीचं तेल चोपडलं होतं. पुढची बटनं अजून पळतील म्हणून! मला मात्र नाही लावलं. "ह्याला कुठे पळायचंय," म्हणाला.

सुरुवातीला तर काय विचारता! आमची पुढची बटनं अशी पळाली की कमलाकांत बघतच राहिला. पहिला गोल आमचा! गोपू उड्या मारायला लागला. मग सुभेदारानं एक गोल फेडला. मग पुन्हा आमचा! दोनास एक. ओट्याभोवती गल्लीतली पोरं जमली, बाजारातून परतलेले खुशालराव हातातली पिशवी न ठेवताच उभे राहिले, दुर्गाबाई मामी पिठाच्या हातानं दारात.

आणि मग आमची पुढची बटनं हळू व्हायला लागली. जमुना टिचकी मारी, बटन दोन बोटं जाई आणि थांबे. "हे काहून होऊन राहिलं?" तिनं एक उचललं, पालथं केलं. खाली तेलाला रुई चिकटलेली, अशी की बटनाला दाढी आल्यासारखी!

"गोपू! तेल लावलं का तू?"

गोपूचं तोंड एवढंसं झालं. "पळायला... पळायला लावलं गं."

"अबे, जिन सुरू असताना तेल लावते का कोनी!" खुशालराव ओरडले. "अख्ख्या अकोल्याले मालूम हाय, ह्या दिवसात वंगण उघडं ठेवत नसतात!"

"डावात बटन पुसायचं नाही," कमलाकांत म्हणाला. "नियम आहे." नियम होताच. आणि पुढच्याच टिचकीला माझ्या थोरल्या भावानं, होय, माझ्याच भावानं, बॉल आमच्या बुचाच्या बाजूनं आत घातला. दोनास दोन.

आता पुढचा गोल करील तो जिंकला. आमची पुढची फळी दाढ्या वाढवून बसलेली. गोपू रडायच्या बेताला. खुशालरावांनी पिशवी खाली ठेवली.

 जमुना फळीकडे बघत होती. मग तिनं एक भलतीच गोष्ट केली. तिनं पुढे खेळणंच सोडून दिलं! आपली पाळी आली की ती मागच्या तिघांतल्या एकाला जरासं सरकवायची, बांध अजून तिरपा करायची. कमलाकांत पुढे, अजून पुढे येत गेला. त्याचे पाचही फॉरवर्ड आमच्या अंगणात, हाफही त्यांच्या मागोमाग.

"गोल मारतो," कमलाकांत म्हणाला. सुभेदार मागे घेतला, नेम धरला, आणि टिचकी!

बॉल आला. सण्णकन आला. पहिल्या बटनाला लागला, अडला नाही, वळला. दुसऱ्याला लागला, अजून वळला. तिसऱ्याला घासून सावकाश, अगदी सावकाश, घरंगळत घरंगळत माझ्या पुढ्यात येऊन थांबला.

 जमुनेनं वर बघितलं.

"गोल मारतो," ती म्हणाली.

"इथून?" कमलाकांत हसला. "धोंड्यानं?" पण हसता हसता त्यानं मागे वळून आपल्या गोलकडे बघितलं, आणि त्याचं हसू थांबलं. कारण मधे कुणी नव्हतं. त्याचे सगळे इकडे आले होते! दोन बॅक, ते दोन कडांना. त्यानं घाईनं बूच सरकवलं.

जमुनेचं बोट माझ्या पाठीला टेकलं. गरम होतं.  मित्रांनो, त्या क्षणी मला काज म्हणजे काय ते कळलं.

टिचकी!

मी बोटभर सरकलो. बस्, बोटभर. आणि बॉल माझ्या दोन्ही भावांच्या मधून, त्यांना न शिवता, सुभेदाराच्या बगलेतून, सरळ, सरळ, सरळ, बुचाच्या कानाला घासून काडेपेटीत! काडेपेटीच उलटली!

मग काय विचारता! पोरं नाचली, गोपू रडता रडता हसला, मामींनी पिठाच्या हातानंच जमुनेला जवळ ओढलं आणि तिची वेणी पांढरी झाली. आणि कमलाकांत?  त्यानं माझ्या दोन्ही भावांना फळीवरून उचललं, आपल्या रुमालानं पुसलं आणि जमुनेच्या हातावर ठेवलं.

"मागे चार लावायचे, हे कुणी शिकवलं तुला?"

"कोनी नाही. विचारत गेली."

"काहून, काहून करत?"

"हाव."

कमलाकांत हसला. "मी अमरावतीला ग्राउंडवर लावून बघतो असंच. लोक हसतील म्हणा." आणि जाता जाता वळून म्हणाला, "जमुने, त्या धोंड्याला धोंडा म्हणालो, ते परत घेतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भाऊ जानरावांच्या दुकानात, पुन्हा एकत्र! उलटलेला कोट नवाकोरा दिसत होता. मी आनंदात होतो, आणि मला रडूही येत होतं. कारण आता मी पुन्हा कोटावर जाणार, पुन्हा लोंबकळणार, आणि माझी ती जागा, बांधाच्या टोकाची, रिकामी राहणार. जानरावांनी थोरल्याला लावलं. मधल्याला लावलं. मग मला उचललं, सुई माझ्या भोकातून घातलीही.

"थांबा जानराव," खुशालराव म्हणाले.

"का हो?"

"खालती कोनतंबी काळं लावून द्या. ते काय, ह्या पोटावर लागनार थोडंच हाय!" त्यांनी सुई काढली, मला घेतलं आणि जमुनेच्या मुठीत ठेवून तिची बोटं मिटवली. "हे तुह्या टीमचं हाय. तिथं त्याले काम हाय. माह्या कोटावर नुसतं टांगून काय करू?"

ताराच्या लग्नात खुशालराव ऐटीत उभे राहिले. वरची दोन बटनं शिंगाची, खालचं प्लास्टिकचं. कुणाला म्हणून कळलं नाही. मी जमुनेच्या मुठीतून सगळं बघत होतो, आणि माझे भाऊ काजातून.

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. आणि ती जमुना कोण, माहीत आहे? ज्यांनी आज मधल्या सुट्टीत तुम्हाला हा डबा दिला ना, त्या तुमच्या जमुनाबाई! मोर्शीच्या ह्या शाळेत तुम्ही "काहून?" विचारलंत की त्या रागावत नाहीत, का ते आता कळलं?

आता एवढंच ऐका. कोणाचं बटन तुटलं, कोपऱ्यात पडलं, तर केरात लोटू नका. उचला, धुवा, डब्यात ठेवा. आणि ते निळं बटन, कड तुटलेलं, आत्ता तुम्ही नको म्हणून बाजूला टाकलंत ना? त्याला जरा पालथं करा. अंगठा फिरवून बघा. ते वाकडं जातं म्हणता, बरं, वाकडं कुठे जातं ते तरी बघा!

आणि मला उचला इथून. मागे न्या. अजून मागे. हां, ती तिरपी ओळ संपते ना, तिथे.

आता मारा टिचकी.